लग्नात मामा बघणारे सर

आमच्या सरांना लग्नाची पत्रिका देताना लोक मनातून जरा बिचकतच देत. सर यायचे नक्की, भर उन्हातही यायचे, पंगतीत कशाला नावं ठेवायचे नाहीत. पण मंगलाष्टकं सुरू झाली, की सगळा मांडव नवरा-नवरीकडे बघत असायचा आणि सर टाचा उंचावून त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या मामांकडे. मामाचा हात कुठं आहे, मामा कंटाळलाय का, नवरीच्या मुंडावळ्या सरकल्या तर नीट कोण करतं, हे सगळं ते इतकं निरखून बघायचे की शेजारच्याला वाटावं, मामाशी यांचं काहीतरी जुनं भांडण आहे. आणि आहेराची वेळ आली की टॉवेल-टोपी नवरदेवाला नाही, मामाला.

आमच्या गावात, साखऱ्यात, माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी नवरीच्या मामाला असंच गाठलं. तो बिचारा पहाटेपासून उभा, पोटात चहासुद्धा नाही. टोपी डोक्यावर आल्यावर तो गोंधळला.

"मला काहून गुरुजी?"

"तुमी मागं नसते तर नवरी उभी राहिली असती का?"

"राहिली असती की. तिला दोन पाय हायत."

"आज राहिली असती," सर म्हणाले, "आठ दिवसांनी इचारा."

मामा माझ्याकडे बघायला लागला. त्या मांडवात सरांचं बोलणं कळणारा मी एकटाच होतो, कारण तेच बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो.

मी त्यांच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. परिचर म्हणजे सूक्ष्मदर्शक पुसायचे, काचपट्ट्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या, बरण्या भरायच्या, पोरांनी फोडलेल्या बरण्यांच्या काचा झाडायच्या. शिकवणं आपोआप कानावर पडतं. सरांचं तर इतकं पडलं, की पुढं त्यांनी जांभई दिली तरी पुढचं वाक्य मी मनात म्हणून घ्यायचो.

फळ्यावर ते आधी एक जाड आडवा पट्टा काढायचे. तो स्नायू. वरून येणारी, टोकाला फांद्या फुटलेली दोरी ही नस. दोघांमध्ये डोळ्याला न दिसणारी फट. नस हुकूम सोडते, फटीतून रसायन पलीकडं जातं, स्नायू आखडतो, आणि आपण हात उचलतो. पुस्तकातलं चित्र इथं संपतं. सरांचा खडू मात्र खाली यायचा नाही. ते वर्गाकडे वळून विचारायचे, "तिसरा कोण?"

तिसरी म्हणजे त्या जोडावर टोपीसारखी बसलेली एक पेशी. ग्लायल, म्हणजे नसांची देखभाल करणाऱ्या, पेशींच्या भावकीतली. पुस्तकी नाव श्वान पेशी. या नावावर पोरं दरवर्षी भुंकायची, आणि सर दरवर्षी त्यांना पोटभर भुंकू द्यायचे.

"झालं? आता ऐका. ही पेशी हुकूम देत न्हाई आन् हुकूम पाळत न्हाई. म्हणून पुस्तकवाले तिला इचारत न्हाईत. पण ती बसून ऐकते. दोघांचं बोलणं जास्त झालं तर आवरते, कमी पडलं तर रेटते. बेडकात लोकांनी ती काढून बघितली. काही तास काहीच बिघडलं न्हाई. लोक म्हणाले असतील, उगंच बसली होती. आठ दिवसांनी बघितलं तर नसेचं टोक मागं सरकून राहिलं होतं."

मग एखादी पोरगी हळूच म्हणायची, "म्हंजे लग्नातल्या मामावानी, सर." ही उपमा मुळात कुठल्या तरी जुन्या बॅचच्या पोरीची. सरांनी ती उचलली आणि इतकी मनावर घेतली, की पोरं त्यांना पाठीमागं 'मामा' म्हणायला लागली. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणी 'मामा आले' लिहून ठेवलं, तर सरांनी ते पुसलं नाही, खाली 'हजर' असं लिहून शिकवायला लागले.

सरांना सगळीकडेच हा नाद. गॅदरिंगला पाहुण्यांच्या भाषणात यांचं लक्ष नसायचं. मागं जाऊन माईकवाल्याला 'तुमचं काम बराबर झालं' असं सांगून यायचे. हॉटेलात जेवण आवडलं तर मालकाला नाही, भांडी घासणाऱ्याला सांगायचे, आणि तो घाबरून विचारायचा, काय चुकलं? खिशात कायम खडूचे तुकडे. त्या खडूनं ते बोलताना टेबल, खिडकी, समोरच्याचा खांदा, जे हाताला येईल ते ठोकत. शर्टाचा खिसा बाराही महिने पांढरा. त्यांची स्कूटर सात-आठ किका मारल्याशिवाय कधी चालू झाली नाही, पण दुसऱ्या कुणी किक मारलेली त्यांना खपायची नाही. "तिला माझ्या पायाची सवय हाय," म्हणायचे.

एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीचे गुण कापले. तिनं चित्रात तिसरी पेशी काढली होती. परीक्षक म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही. सर म्हणाले, "अभ्यासक्रमात न्हाई म्हणून तिच्या अंगातून काढून टाकू का?" दुपारचं जेवण होईपर्यंत दोघं भांडले. जेवणात मी जिलेबी वाढली आणि परीक्षक विरघळले. गुण परत मिळाले. संध्याकाळी सर मला म्हणाले, "मी तोंड दुखवलं, काम तुझ्या जिलेबीनं केलं." एवढं बोलून ते थांबले नाहीत, प्राचार्यांनाही जाऊन तेच सांगून आले. मला लाजल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं.

माझ्यावर प्रसंग आला तो दिवाळीनंतर. सोयाबीन घरात आलं होतं. संध्याकाळी पुसेगावकडून मोटारसायकलवर येत होतो आणि तुरीच्या रानातून रोही, म्हणजे नीलगाईचा नर, उडी मारून रस्त्यावर आला. तो पलीकडं गेला, मी रस्त्यावर पडलो. उजव्या दंडाचं हाड मोडलं. नांदेडच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. ते सगळं ठीक होतं, पण मनगट खाली लोंबायला लागलं. हात पुढं केला की पंजा मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा खाली. बोटं सरळ होईनात, मनगट वर येईना.

डॉक्टर म्हणाले, हाडाला लागून जाणाऱ्या नसेला मार बसलाय. नुसती दबली की तुटली, ते आज सांगता येत नाही. दबली असेल तर आपोआप वाढत खाली येईल, रोज जेमतेम मिलिमीटरभर. तीन महिने बघू. नाही तर उघडावं लागेल.

गावानं मात्र निकाल लगेच दिला. हातावरून वारं गेलं. कुणी लकव्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता दिला, कुणी म्हणालं हात फडक्यात घट्ट बांधून ठेव, हलवायचाच नाही. बायकोनं बांधलाही.

हे कळल्यावर सर किका मारत साखऱ्याला आले. ओसरीत बसून त्यांनी ते फडकं स्वतः सोडलं आणि बायकोला समजावलं. स्नायूवर नस जिथं टेकते त्या जागा आता रिकाम्या आहेत. पण तिथं ती तिसरी पेशी बसून आहे. नुसती बसली नाही, हातपाय पसरून नसेला वाट दाखवायला निघाली आहे. येणारी नस तिच्याच बोटाला धरून घरी येते. तोवर आपलं काम एवढंच, की बोटं आणि मनगट दुसऱ्या हातानं रोज हलवायचं, सांधे आखडू द्यायचे नाहीत.

"पाहुणा येऊन राहिलाय," सर म्हणाले, "आन् दाराची कडी गंजलेली, असं नको व्हायला."

"पाहुणा कवा येणार ते तरी सांगा सर," बायको म्हणाली, "म्हंजे झाडून ठेवते."

"रोज झाड, बाई. तारीख त्यानं कळवलेली न्हाई."

ती हसली. अपघातानंतर ती पहिल्यांदा हसली ते तेव्हा. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तिनं माझी बोटं मोजून वाकवली.

इकडे कॉलेजात वेगळंच शिजत होतं. मी कंत्राटावरचा माणूस. उन्हाळ्याच्या तोंडावर प्रात्यक्षिक परीक्षा, आणि एका हाताचा परिचर काय कामाचा? प्राचार्यांनी माझ्या जागी दुसरा घ्यायचं ठरवलं. वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं म्हणणं, "तो आठ दिवसांपासून नाही, तरी प्रयोगशाळा चालूच आहे ना?"

सर म्हणाले, "काही तास काही बिघडत नसतं. अजून आठ दिवस थांबा."

पुढच्या आठ दिवसांत दोन सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांना बुरशी लागली, स्लाइडांचे डबे अदलाबदल झाले, झुरळाच्या खोक्यात गांडूळ निघालं आणि स्पिरिटची बाटली कुणी उघडीच ठेवल्यानं स्पिरिट उडून गेलं. प्रत्येक गोष्ट बिघडली की सर आनंदानं प्राचार्यांच्या दारात. पाचव्या वेळी प्राचार्य म्हणाले, "असू द्या तुमचा माणूस परीक्षेपर्यंत. पण परीक्षेला हात चालला पाहिजे."

सरांनी बाटली मुद्दाम उघडी ठेवली का, हे मी अजून विचारलेलं नाही.

वर्षअखेरीस प्लास्टर निघालं आणि मी कामावर गेलो. त्या सोमवारपासून सरांचा प्रयोग सुरू झाला. वाढत्या नसेच्या टोकावर ठोकलं, की हाताच्या पाठीवर, अंगठ्याजवळ मुंग्या येतात. जिथं ठोकल्यावर मुंग्या येतात तिथवर नस पोचली. दर सोमवारी मी हात टेबलावर ठेवायचा, सर दंडापासून खडूनं ठोकत ठोकत खाली यायचे, आणि मुंग्या आल्या तिथं काचेवर लिहायच्या निळ्या पेन्सिलीनं रेघ मारून वहीत नोंद करायचे.

पहिल्या सोमवारी मुंग्या खरंच आल्या, कोपराच्या वर. दुसऱ्या सोमवारी सर ठोकत जरा खाली आले आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "इथं? इथं आल्या ना?"

आल्या नव्हत्या. पण त्यांचा तो चेहरा! मोठ्या माणसाचं मन कसं मोडायचं? शिवाय प्राचार्य दर आठवड्याला त्यांनाच विचारत होते, हात किती आला म्हणून. निम्मं सरांसाठी आणि निम्मं पोटासाठी, मी म्हणालो, "व्हय सर, आल्या."

"बराबर!"

एकदा म्हटल्यावर पुढच्या सोमवारी मागं कसं यायचं? सर खडू पुढं नेत गेले, मी व्हय म्हणत गेलो. सहा सोमवारांत माझी नस कागदोपत्री मनगटाला टेकायला आली. सर खूश. "तुझी नस चालून न्हाई, पळून राहिली," म्हणायचे. आणि मी घरी जाऊन लोंबणाऱ्या पंज्याकडे बघत बसायचो. रेघा मनगटापर्यंत आल्या होत्या आणि हात तसूभर हलत नव्हता.

तीन महिने झाले तसे नांदेडला गेलो. सर वही घेऊन सोबत. डॉक्टरांनी वही चाळली, माझ्या हातावरच्या रेघा बघितल्या आणि म्हणाले, "अशी पुढं येत असेल तर चाकू लावायचा नाही. येत नसेल तर मात्र उशीर करायचा नाही. त्या स्नायूवरच्या जागा जन्मभर वाट बघत नाहीत. वही खरी ना?"

सर म्हणाले, "अगदी."

आता गप्प बसलो तर हात जाईल, बोललो तर सर जातील. शेवटी मी जमिनीकडे बघत म्हणालो, "पहिली रेघ खरी हाय, साहेब. बाकीच्या मी नुसतं व्हय म्हणलो."

सरांनी वही डॉक्टरांच्या हातातून घेतली आणि मिटली.

डॉक्टरांनी स्वतः ठोकून बघितलं. कोपराखाली दोन बोटांवर मुंग्या आल्या, त्याखाली काही नाही. "सरकली आहे," ते म्हणाले, "पण तुमच्या वहीइतकी नाही. अजून एक महिना देतो. त्यात मनगट उचललं नाही तर ऑपरेशन."

परतीची एसटी निम्मी रिकामी होती. सर एकटेच पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. मी मागं. औंढ्याला गाडी थांबली तेव्हा ते उतरले आणि दोन चहा घेऊन आले. मी सरसावून बसलो. दुसरा चहा त्यांनी कंडक्टरला दिला.

पुढं चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. काम चिठ्ठीवर लिहून द्यायचे. त्यांचा राग मी आधीही बघितला होता, पण तो ओरडण्याचा. हा गप्प राग मला सोसवेना. हाताची भीती वाटत होतीच, पण खरं सांगतो, त्या चार दिवसांत हात मी विसरलोच होतो.

सोमवारी ते आले, माझ्यासमोर बसले आणि वही उघडली. दुसऱ्या सोमवारपासूनच्या नोंदींवर आडवी रेघ मारलेली होती. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'पहिली सोडून वरील नोंदी अविश्वसनीय. कारण: परस्परांची भीड.'

"परस्परांची काहून, सर? चूक माझी."

"तुझी निम्मी. मी इचारताना उत्तर सांगूनच इचारत होतो. इतकी वर्षं शिकवून हे मला कळू नये?" त्यांनी खडू टेबलावर आपटला. "माझी भीड तुला एवढी वाटावी, की तू हात घालवशील? असला मास्तर काय कामाचा?"

मी म्हणालो, "सर, असं नका म्हणू."

त्यांनी फळा पुसायचं फडकं झटकलं आणि माझ्या डोळ्यांवर बांधलं. मग सुरू झाली खरी परीक्षा. ठोकायचे आणि कोरड्या आवाजात विचारायचे, "काही?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई सर."

"बराबर. टेबल ठोकलं होतं. आता?"

"मुंग्या."

"कुठं?"

"अंगठ्याच्या पाठीवर."

रेघ कोपराखाली दोन बोटांच्या जरासं पुढं पडली. नाक-तोंड खडूनं भरलं होतं, शिंका येत होत्या, तरी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. त्यानंतर दर सोमवारी फडकं. कधी ते डावाच हात ठोकायचे, कधी काहीच न ठोकता विचारायचे. एकदा मी हट्टानं 'न्हाई' म्हणालो तर म्हणाले, "आता उलट्या बाजूनं भीड नको. आल्या असतील तर आल्या म्हण." प्राचार्यांनाही त्यांनी सरळ सांगितलं, की हात परीक्षेपर्यंत येईल का, ते मला ठाऊक नाही.

महिना संपत आला. गावात हळद शिजवायचे दिवस होते. बायकोच्या हाताला पिवळा रंग आणि माझ्या बोटांनाही तोच, कारण ती मध्येच उठून माझी बोटं वाकवून जायची. परीक्षा चार दिवसांवर, नांदेडची तारीख त्याच आठवड्यात. त्या सकाळी मी डाव्या हातानं काचपट्ट्या पुसत होतो, उजवा नुसता पट्टीवर टेकवलेला. एक पट्टी घसरली. ती धरायला डावा गेला, आणि उजव्याचं मनगटही उठलं. जरासंच. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा उठलं.

सर खिडकीशी बसून चित्रं तपासत होते. मी जाऊन म्हणालो, "सर, मनगट उठलं."

त्यांनी वर बघितलं नाही. "फडकं आण."

मी आणलं. त्यांनी ते माझ्या डोळ्यांवर बांधलं, कोपर टेबलावर ठेवायला लावलं, दंड दाबून धरला, म्हणजे खांद्यानं लबाडी होऊ नये.

"उचल."

मी उचललं.

"खाली. परत उचल."

उचललं.

"परत."

तिसऱ्यांदा उचललं आणि थांबलो. पुढचा हुकूम येईना. वहीचं पान उलटल्याचा आवाज नाही, पेनाचा नाही. मी फडकं खाली ओढलं. वही उघडी होती, तारीख लिहिलेली होती, पुढं कोरं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"लिहीना का झालात सर?"

"मला दिसंना झालंय," ते म्हणाले, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "तू लिही. त्याच हातानं."

मी पेन धरलं. बोटांत पकड नव्हती, डाव्या हातानं उजव्याला टेकू दिला आणि कशीबशी चार-चार अक्षरांच्या दोन शब्दांची ओळ काढली: मनगट उचललं.

सरांनी चष्मा घातला, वही जवळ ओढली, बराच वेळ ती ओळ वाचली.

"किती?" ते म्हणाले. "नुसतं 'उचललं' म्हंजे काय? दोन बोटं लिही."

मी लिहिलं, दोन बोटं.